खयच्या दर्यातसून?

2024 च्या दिवाळीत एका अंकात माझा लेख आला होता. तुळशीच्या लग्नाला कोकणातल्या देवबागला जाताना त्याची एक प्रत पिशवीत टाकली, नानांसाठी. नाना म्हणजे माझ्या आजोबांचे सगळ्यात धाकटे भाऊ. वय ऐंशीच्या पुढे, निम्मं आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर गेलेलं. छापलेलं काहीही ते वाचतात, अगदी औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा. दुपारभर पडवीत बसून, चष्म्यावर भिंग धरून त्यांनी तो लेख वाचला. मधे एकदा चहा घेतला, दोनदा माशी हाकलली. मी आत काकीबरोबर तांदूळ निवडायचं निमित्त करून कान बाहेर लावून बसले होते. शेवटी अंक मिटल्याचा आवाज आला.

"बाय, बरा लिवलंस," नाना म्हणाले. "फक्त तो चंद्र खयच्या दर्यातसून काढलंस?"

लेखाची सुरुवातच त्या चंद्राने होती. कोजागरीची रात्र, लहानपणीचं देवबाग, समोरच्या दर्यातून चंद्र हळूहळू वर येतो आणि लाटा चांदीच्या होऊन पायांशी येऊन बसतात. या वाक्यावर मी तीन दिवस घालवले होते. 'चंदेरी' की 'चांदीच्या' यावर संपादकांशी फोनवर वाद घातला होता. आणि आमच्या घरापासून पन्नास पावलांवर असलेला तो दर्या पश्चिमेला आहे, हे तीन दिवसांत एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं. संपादकांच्याही नाही, मुद्रितशोधकाच्याही नाही. सूर्य जिथे बुडतो त्याच पाण्यातून त्याच संध्याकाळी मी पुनवेचा चंद्र वर काढला होता.

आधी मी हसले. मग म्हटलं, नाना, आपल्याकडे खाडीपण आहे ना, तिकडून येतो तो. देवबाग पाहिलेल्यांना ठाऊक असेल, गाव म्हणजे वाळूची एक लांबट जीभ आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि काही ठिकाणी या पाण्याकडून त्या पाण्याकडे जायला पाच मिनिटं पुरतात. रात्री अंथरुणावर पडलं की एका कानाने लाटा आणि दुसऱ्या कानाने खाडीतल्या होड्यांचं एकमेकींवर आपटणं ऐकू येतं. तेव्हा पाणी ते पाणी, असं म्हणून मी सुटका करून घेऊ पाहत होते. नानांनी भिंग खिशात ठेवलं. "खाडी म्हणजे काय दर्यो?" एवढंच म्हणाले आणि परसात गेले.

पुण्याला परतल्यावरही ते डोक्यातून जाईना. चूक काही मोठी नव्हती. वाचकांपैकी कुणी पत्र लिहिलं नाही. पण मी तर तिथलीच. वडील मुंबईला गिरणीत होते, म्हणून आम्ही चाकरमानी, तरी प्रत्येक मे महिना आणि जमेल तेव्हा शिमगा तिथेच गेलेला. मग पूर्वेकडून, खाडीपलीकडच्या डोंगराआडून वर येणारा तो चंद्र माझ्या आठवणीतून गेला कुठे? खूप विचार केल्यावर जे सापडलं ते जरा लाजिरवाणं होतं. लहानपणी संध्याकाळी आम्ही सगळी मुलं दर्यावर जायचो, तोंड पश्चिमेला करून बसायचो, सूर्याचा लाल गोळा पाण्याला टेकला की ओरडायचो, आणि तो बुडला की घरी. चंद्र तोवर पाठीमागे माडांच्या वर आलेला असायचा. मी तो उगवताना पाहिलाच नव्हता. जो लिहिला तो कुठल्यातरी सिनेमातला, कुठल्यातरी कॅलेंडरवरचा, पूर्व किनाऱ्यावरचा उचललेला चंद्र होता.

आता तर तारकर्ली-देवबागला पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. सूर्यास्ताचा फोटो निघाला की पंधरा मिनिटांत वाळू रिकामी. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या दोन बाजूंना समोरासमोर असतात, त्यामुळे एक बुडतो त्याच सुमारास दुसरा उगवतो, ही शाळेत सातवी-आठवीत पाठ केलेली गोष्ट. पण अख्खा किनारा पाठ करून उभा असताना मागे ती घडते आहे हे एकदा वळून बघितल्याशिवाय कळत नाही.

कोकणचा दर्या मावळतीचा. इथे सगळं बुडायला येतं.

काकीला मात्र हे सांगायची गरज नव्हती, कारण ती संकष्टी करते. संकष्टीच्या दिवशी तिचं तोंड दिवसभर खाडीकडे. कालनिर्णयात चंद्रोदयाची वेळ दिलेली असते, आता भाच्याच्या मोबाइलवर आमच्या गावाचीच वेळ मिनिटापर्यंत येते, पण काकीचा चंद्र त्या वेळेला उगवत नाही. तो पलीकडचा डोंगर चढून, मग माडांचे शेंडे ओलांडून यायचा असतो. नागपूरला दिलेली आतेबहीण दर संकष्टीला फोन करते, "आमचं जेवण झालं, तुझं?" काकी वैतागते. पूर्वेला असल्यामुळे नागपूरचा चंद्र आमच्या वीसेक मिनिटं आधी उगवतो, हे मी तिला एकदा समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिचो चंद्र सपाटीवरचो. आमच्याक डोंगर चढूचो लागता." खुणेचा एक वाकडा माड तिने ठरवलेला आहे. थंडीतली पुनव त्या माडाच्या डावीकडून वर येते, उन्हाळ्यातली पार उजवीकडून. सूर्याच्या बरोबर उलट. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो तेव्हा पुनवेचा चंद्र उत्तरेकडून येतो आणि मध्यरात्री थेट माथ्यावर चढतो, इतका की माणसाची सावली पायाखाली गोळा होते. काकी हे असं बोलत नाही. ती म्हणते, थंडीत गोठ्याच्या बाजूने बघायचं.

जानेवारी 2025 मध्ये सगळीकडे तो मेसेज फिरत होता, ग्रहांची परेड. सगळे ग्रह एका ओळीत येणार, शेकडो वर्षांनी असा योग, पुढे हात जोडलेले. खालचं चित्र तर फारच छान होतं, लगोरीसारखे एकावर एक रचलेले ग्रह. अकरावीतल्या भाच्याला ते बघायचंच होतं. मला नुसतं निमित्त हवं होतं. शुक्रवारी, 17 जानेवारीला आम्ही दोघं देवबागला पोचलो. नेमकी संकष्टी, काकीचा उपास.

अंधार पडला तसा भाचा मोबाइल आकाशाला लावून खळ्यात, म्हणजे अंगणात, गरागरा फिरायला लागला. मोबाइल सांगेल तिकडे धावायचं. मधेच तो वाळूकडे बोट दाखवून म्हणाला, "सूर्य इथे आहे, खाली." नाना खुर्चीत बसून बघत होते. दर्यावर, माडांच्या दोन झावळ्यांच्या मधे शुक्र लखलखत होता, इतका की ओल्या वाळूत त्याची एक बारीक उभी रेघ पडली होती. त्याच्या शेजारी, जरा नीट बघितल्यावर, एक फिकट पिवळसर ठिपका. तो शनी. घराच्या कौलांवर, बऱ्यापैकी उंच, गुरू, आणि त्याच्याजवळ लालसर रोहिणी. मागे खाडीवर पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांशी मंगळ, विझत आलेल्या विडीसारखा तांबडा. झाली परेड. भाच्याचा चेहरा उतरला. "हे एका ओळीत कुठे आहेत? हे तर सगळीकडे आहेत."

मग मी त्याला दर्यापासून हात फिरवायला लावला. शुक्र, शनी, तिथून घराचं आढं, गुरू, आणि उतरत मंगळापर्यंत. हाताने कमान काढली. सगळे ग्रह जवळपास एकाच पातळीत सूर्याभोवती फिरतात, म्हणून आपल्याला ते आकाशात एकाच वाटेवर दिसतात. सूर्यही त्याच वाटेने जातो आणि चंद्रही थोडा इकडे-तिकडे सरकत तीच वाट धरतो. बारा राशी, सत्तावीस नक्षत्रं ही त्या वाटेवरची गावं. तेव्हा ओळ कायमचीच आहे. एखाद्या वेळी चार गाड्या एकदम रस्त्यावर दिसतात, इतकंच. हे सांगताना मला स्वतःलाच जरा गंमत वाटली, कारण ती वाट दर्यातून निघून आमच्या आढ्यावरून जाऊन खाडीत उतरत होती, जणू घर मुद्दाम तिच्या मधोमध बांधलं होतं.

मंगळ त्या दिवसांत सूर्याच्या बरोबर समोर आला होता. त्यामुळे तोही पुनवेच्या चंद्रासारखा वागत होता, सूर्य बुडायच्या वेळेला खाडीवर उगवायचा आणि रात्रभर चालून पहाटे दर्यात. शुक्राला हे कधीच जमायचं नाही. त्याची वाट पृथ्वीच्या आत आहे, त्यामुळे सूर्यापासून 47 अंशांपलीकडे तो जाऊच शकत नाही. मध्यरात्री माथ्यावर शुक्र कुणी पाहिलेला नाही. संध्याकाळी दर्यावर, नाहीतर पहाटे खाडीवर, दोनच घरं त्याची. चंद्रासारख्या कलाही असतात त्याला, 1610 च्या अखेरीस गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिल्या होत्या. त्या संध्याकाळी तो अष्टमीच्या चंद्रासारखा अर्धा होता. आम्हाला अर्थातच नुसता लखलखाट दिसत होता.

काकी फुलांची परडी घेऊन बाहेर आली तेव्हा भाचा तिला मृग दाखवत होता. चार कोपऱ्यांचे चार तारे, मधे तिरपे तीन. "हा बघ काकी, मृग." काकी थबकली. "मिरग? मिरग तर जूनात लागता." तिच्या दृष्टीने मिरग म्हणजे पहिला पाऊस, कोंब आलेला तरवा, अंगणात चालून आलेला तांबडा मखमली किडा. जानेवारीच्या कोरड्या आकाशात लटकलेलं ते चित्र मिरग कसं असेल? आणि तिचंही खरंच आहे. जूनच्या 7-8 तारखेला सूर्य मृग नक्षत्रात जातो, म्हणजे ते नक्षत्र सूर्याबरोबर दिवसा उगवतं आणि दिवसाच मावळतं. ज्या दिवसांत सगळं कोकण मिरगाचं नाव घेत असतं, त्या दिवसांत मिरग दिसत नसतो. काकी बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हो हयच असता थंडीत." एखादा गाववाला मुंबईत अचानक भेटल्यासारखा तिचा सूर होता.

नानांना शुक्राचं कौतुक जास्त. त्यांच्या तरुणपणी पहाटे जाळी घेऊन निघायचं ते तो खाडीवर आला की. चांदण्या रात्रींपेक्षा काळोखाचे दिवस त्यांना बरे वाटायचे. चांदण्यात माशांना जाळं दिसतं आणि ते बगल देतात, काळोखात पाण्यात वेगळाच उजेड पेटतो आणि बांगड्याचा थवा खालून सरकताना दिसतो. माझ्या लेखातली सगळी पानं चांदण्याने भरलेली होती. रापणीवर जगणाऱ्या घरातली मुलगी चांदण्यावर लिहिते आणि अवसेबद्दल एक ओळ लिहीत नाही, हे नाना बोलले नाहीत, मला आपलं तसं वाटलं.

मला आठवत होते वडील. जानेवारी 2017 मध्ये आम्ही दोघंच आलो होतो, घराच्या कौलांच्या दुरुस्तीला. संध्याकाळी याच खळ्यात, त्याच दोन माडांच्या मधे असाच शुक्र होता. वडील म्हणाले होते, "ते विमान बघ, गोव्याला उतरतंय." मी म्हटलं शुक्र आहे, त्यांनी मानलं नाही. दहा मिनिटं आम्ही विमान हलायची वाट बघत उभे होतो. शेवटी ते म्हणाले, "लेट आहे." तेवढ्यावर आम्ही आत गेलो. पुढे दोन वर्षांनी ते गेले. शुक्र दर आठ वर्षांनी जवळपास त्याच तारखांना त्याच जागी परत येतो, दोन-अडीच दिवसांचा फरक पडतो इतकाच. हे मी आधी कधीतरी वाचलं होतं, पण त्या रात्री खळ्यात उभं राहून बोटांवर मोजलं आणि पोटात काहीतरी हललं. दिवस, वेळ, झावळ्या, सगळं जागच्या जागी होतं. दुरुस्त केलेल्या कौलांवर आता शेवाळ आलं होतं. पुढच्या खेपेला जानेवारी 2033.

नऊ वाजले. काकी तीनदा गोठ्याकडे जाऊन आली. "अजून शेंडे उजळूक नायत." भाचा मोबाइल बघून एकेक मिनिट मोजत होता. मोदक झाकून ठेवले होते आणि त्यांचा वास खळ्यापर्यंत येत होता, त्यामुळे उपास नसलेल्यांचेही हाल. तेव्हा नाना सहज म्हणाले, "बाय, तुझी दुसरी चूक सांगूक नाय मी."

दुसरी?

"पुनवेक भरती कितक्याक?"

मला माहीत नव्हतं. नानांनी जुन्या शाळेतल्या सुरात म्हणून दाखवलं, पंधराची पाऊणकी सव्वाअकरा. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, हे सगळं त्यांच्या पिढीला तोंडपाठ, आमच्या पिढीला त्यातल्या दिडकीचं फक्त नाव माहीत. जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा, वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. सकाळची वेळ तीच, रात्रीचीही साधारण तीच. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. पाऊण तासाची पंचेचाळीस होतात, मधली चार-पाच मिनिटं नाना दर्याला सोडून देतात. पुनवेला आणि अवसेला सूर्य-चंद्राची ओढ एकाच रेषेत, म्हणून उधाण, पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. अष्टमीला दोघं काटकोनात, म्हणून भांग, पाणी मधल्यामधे घोटाळतं. उधाणाच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीच्या तोंडाशी वाळूचे पट्टे उघडे पडतात, तिथे बायका मुळे आणि कालवां, म्हणजे शिंपल्या, काढायला जातात. हे सगळं मी ऐकलं होतं. मी स्वतः आईबरोबर गुडघाभर चिखलात मुळे काढलेत. पण ते एका कप्प्यात आणि कोजागरीचा चंद्र दुसऱ्या कप्प्यात राहिला होता.

"सव्वाअकराक भरती म्हणजे पाचच्या सुमाराक सुकती," नाना म्हणाले. "चंद्र वर इलो सव्वासहाक. तेव्हा तुझ्या लाटा पायाकडे खयसून येतीत? पाणी पार खाली." मग थोडं थांबून, मला बरं वाटावं म्हणून बहुतेक, "चांदीच्यो लाटो म्हणलंस तां मात्र बरा."

साडेनऊच्या आसपास शुक्र दर्यावरच्या धुक्यात शिरला. लखलखाट गेला, नारिंगी झाला, मग नुसता ठिपका, मग आहे की नाही असा. गुरू तोवर बरोबर आढ्याच्या वर, मान दुखेल इतका सरळ. आणि मागून काकीची हाक आली, "इलो!" आम्ही धावलो. वाकड्या माडाच्या डाव्या अंगाला डोंगराची कड आधी पिवळी झाली, मग एक बाजू झिजलेला, जुन्या तांब्याच्या ताटलीसारखा चंद्र वर आला. खाडीत त्याचा उजेड पडायला आणखी पाच मिनिटं लागली, मधे माडांची सावली होती. काकीने अक्षता वाहिल्या, दूध दाखवलं, पुटपुटली. नाना त्यांच्या खुर्चीतच होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की खुर्चीचं तोंड खाडीकडे आहे, आणि तुळशीच्या लग्नाला मी आले होते तेव्हाही ते खाडीकडेच होतं.

त्या रात्री मी संपादकांना मेसेज लिहिला, की लेख कधी पुस्तकात घेतला तर पहिलं वाक्य बदलायचं आहे. पाठवला नाही. बदलून काय लिहायचं ते ठरत नव्हतं. मला ती चुकीची कोजागरीही सोडवत नव्हती. त्या लहानपणात मी सुखी होते, तेवढं खरं होतं ना त्यात.

पहाटे सहा-साडेसहाला जाग आली ती कावळ्यांनी. दर्यावर गेले तर समोर, पाण्यावर बराच उंच, तोच चंद्र. उजाडल्यामुळे पांढराफटक, पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. मावळायला त्याला अजून तीन तास होते, आणि ते तीन तास उन्हात कुणी त्याच्याकडे बघणार नव्हतं. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्याकडे निघाले. मागून नाना काठी टेकत आले आणि वाळूच्या बांधावर उभे राहिले.

"तिथी कितवी?"

"पंचमी लागली पहाटे."

"मगे?"

मी बोटं मोजली. पाच त्रिक पंधरा, भागिले चार. "पाचाची पाऊणकी पावणेचार. पावणेचारला भरती झाली. आता..." पुढचा हिशेब मी मनातल्या मनात दोनदा केला. "आता सुकती."

नाना पाण्याकडे बघत होते. पाणी माझ्या पावलांपासून चांगलं वीस हात लांब होतं, मधली वाळू ओली आणि घट्ट, तिच्यावर रात्रीच्या खेकड्यांच्या रांगोळ्या.

"सुकती तर सलवार कित्याक वर केलंस?"